नाटकांतली उजेडाची तलवार



गेल्या मार्गशीर्षांत आमच्या नातीनें माझ्यापुढें एक मागणी ठेवली. ती सातवीच्या वर्गांत शिकते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं तिच्या वर्गानें एक लहानसें नाटक बसविलें होतें आणि त्यांत सेनापतीची भूमिका तिच्या वांट्याला आली होती. "आजोबा, मला तलवार करून द्या, पण ती उजळली पाहिजे, आणि दुसऱ्या तलवारीवर आपटली कीं वाजली पाहिजे," असें तिनें सांगितलें. बाजारांत तसलीं खेळणीं तयार मिळतात हें तिला ठाऊक होतें. परंतु नाटकाचें सारें सामान मुलांनीं घरींच तयार करावें, असा दंडक तिच्या बाईंनीं घातला होता. मी जन्मभराचा शाळामास्तर. असल्या दंडकाविरुद्ध मी काय बोलणार? मीं "बरें" म्हटलें. पण म्हणतांना पोटांत किंचित् गोळा उठला. तो कां उठला तें शेवटीं सांगतों. आधीं ती तलवार कशी केली तें ऐका. कारण त्या निमित्तानें विजेविषयींच्या चार-दोन गोष्टी, ज्या प्रत्येक घरांत माहीत असाव्यात असें मला वाटतें, आपोआपच सांगून होतील.

रंगभूमीवर शस्त्राला उजेडाची आणि आवाजाची जोड देणें ही कांहीं आजची कल्पना नव्हे. १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' हा खेळ केला, आणि तेथून पौराणिक खेळांची जी परंपरा चालू झाली तींत राक्षस येई तो राळेचा भपका उडवीत आणि आरडाओरडा करीतच येई. पेटत्या पलित्यावर राळेची पूड फेंकली कीं क्षणभर डोळे दिपविणारा जाळ होतो. आमच्या नासिक जिल्ह्याच्या पेठ-सुरगाण्याकडील डोंगराळ मुलखांत बोहाड्याचा उत्सव होतो. त्यांत मोठमोठे मुखवटे घातलेलीं देवदैत्यांचीं सोंगें रात्रीं निघतात, तीं वाद्यांच्या तालावर आणि मशालींच्या उजेडांत. मात्र अशा सोंगांच्या हातची तलवार बहुधा लाकडाची, वर बेगड चिकटविलेली. उजेड बाहेरचा, बेगडीनें तो नुसता परतवावयाचा.

नासिककरांना असल्या युक्त्यांचें अगत्य वाटावें याला आणखीही एक कारण आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० सालीं आमच्या त्र्यंबकेश्वरीं झाला. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' दाखविल्यावर त्यांनीं आपला कारखाना मुंबईहून नासिकास हलविला आणि १९४४ सालीं येथेंच देह ठेवला. चित्रपटाच्या आधीं त्यांनीं जादूचे खेळ शिकून घेतले होते, आणि आपलेंच आडनांव उलटेंसुलटें करून 'प्रोफेसर केळफा' या नांवानें ते प्रयोगही करीत. १९१७ सालच्या 'लंकादहना'ची जळती लंका पाहून प्रेक्षक थक्क झाले, त्यामागें ही जादुगाराची दृष्टि होती. खोटी वस्तु खरी भासविण्यासाठीं खरें शास्त्र लागतें, हा त्यांच्या सगळ्या आयुष्याचा धडा म्हणतां येईल.

आमच्या नातीच्या डोळ्यांपुढें जी तलवार होती, ती मात्र १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' या अमेरिकन चित्रपटांतली. त्या तलवारीला पोलादी पातें नाहींच. मुठींतून निघालेला प्रकाशाचा दांडा हेंच तिचें पातें. तींत गंमत अशी कीं, तिची मूठ म्हणजे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पूर्वीं वापरीत त्या कॅमेऱ्याच्या झगमग-दिव्याची जुनी मूठ होती. पात्याच्या जागीं कांहीं वेळां, प्रकाश परत फेंकणारी पट्टी गुंडाळलेली काठी मोटारीनें गरगर फिरवीत. आणि पडद्यावर दिसणारी झळाळी तर मागाहून एकेका चित्रावर हातानें रंगविलेली असे. आवाजाची हकीकत त्याहून मौजेची आहे. बेन बर्ट या ध्वनिकारानें जुन्या सिनेमायंत्राच्या मोटारीची गुणगुण घेतली, आणि दूरचित्रवाणी-संचाच्या चित्रनळीजवळ मायक्रोफोन नेला असतां त्यांत जी घरघर शिरली तीही घेतली. दोहोंचें मिश्रण कर्ण्यांतून वाजवून त्यासमोर दुसरा मायक्रोफोन त्यानें हातानें हालविला. आगगाडी जवळ येतांना तिची शिटी चढलेली आणि दूर जातांना उतरलेली ऐकूं येते, त्याच नियमानें त्या मिश्रणांत तलवार फिरविल्याचा सपकारा उत्पन्न झाला. ज्या सिनेमायंत्राच्या घरघरीवर फाळक्यांनीं आयुष्य ओवाळून टाकलें, तीच घरघर साठ-सत्तर वर्षांनीं एका तलवारीचा आवाज झाली, हें नातीला सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "मग आपली तलवार नासिकचीच कीं!"

आतां मुद्द्याकडे वळूं. तलवारींत दिवा कोणता घालावा? आमच्या लहानपणीं हातबॅटरीचा बल्ब हाच एक उपाय होता. त्या बल्बांत टंग्स्टन धातूची केसासारखी तार असते. ती दोन हजार अंशांच्याही वर तापते तेव्हां उजेड देते. म्हणजे तो मूळचा तापण्याचा धंदा. उजेड हा त्यांतला वरकड लाभ. शिवाय तापलेली ती तार इतकी नाजूक असते कीं, तलवारीचा पहिला घाव बसतांच तुटावी.

एल्. ई. डी. ची गोष्ट निराळी आहे. 'लाइट एमिटिंग डायोड', म्हणजे प्रकाश देणारा डायोड, या शब्दांचीं हीं आद्याक्षरें. त्यांत तार नाहीं, पोकळी नाहीं. अर्धवाहक पदार्थाचा मोहरीएवढा कण आहे. त्या कणांत दोन थर असतात. एकांत इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यांत इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा जास्त. योग्य दिशेनें वीज सोडली कीं इलेक्ट्रॉन सीमेवर येऊन त्या रिकाम्या जागांत पडतात, आणि पडतांना गमावलेली शक्ति प्रकाशाच्या रूपानें बाहेर येते. किती उंचीवरून पडले त्यावर प्रकाशाचा रंग ठरतो. तांबड्याला लहान उडी पुरते, निळ्याला मोठी लागते. म्हणूनच तांबडा डायोड १९६२ सालीं निक होलोन्याक यांनीं करून दाखविला, पण डोळ्यांत भरेल असा निळा डायोड हातीं यावयास १९९३ साल उजाडलें. निळ्याचें महत्त्व असें कीं, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला कीं पांढरा उजेड मिळतो. आज आपल्या घरोघरीं जे पांढरे दिवे लागतात ते याच निळ्याचीं लेकरें. या कामाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा जपानांत जन्मलेल्या शास्त्रज्ञांस २०१४ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें.

असा हा दिवा आपटला तरी फुटत नाहीं, फारसा तापत नाहीं आणि अगदीं थोड्या विजेवर जळतो. मात्र त्याचा एक हट्ट आहे, आणि तो न समजल्यामुळें नवशिके लोक दिवे जाळून बसतात. तो हट्ट समजण्यासाठीं क्षणभर गोदाकांठीं या.

गोदावरीला पूर आला म्हणजे आम्ही नासिककर तो किती फुटांचा हें विचारीत नाहीं. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलें कीं छातीला, हें विचारतों. पाण्याची ही जी उंची, तोच विजेचा दाब. तो व्होल्टांत मोजतात. आणि दर क्षणाला जें पाणी वाहून जातें तो विजेचा प्रवाह. तो अँपिअरांत मोजतात. आतां नदीवर एक बंधारा आहे असें समजा. पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापर्यंत चढेतों पलीकडे थेंब जात नाहीं. आणि माथ्याच्या वर चार बोटें चढलें कीं एकदम लोंढा सुटतो. एल्. ई. डी. हा असा बंधारा आहे. पांढऱ्या दिव्याचा माथा सुमारें ३ व्होल्टांवर असतो. त्याखालीं तो अंधारांतच राहतो. त्याच्या थोडें वर गेलें कीं प्रवाह भसाभसा वाढतो आणि दिवा करपून जातो. मग करावें काय? तर बंधाऱ्याच्या पुढें पाण्याला एक अरुंद पाट काढून द्यावा. हा अरुंद पाट म्हणजे रोधक. बाजारांत त्याला रेझिस्टर म्हणतात. त्याच्या अरुंदपणाचें माप ओहम.

हिशेब पांचवीच्या मुलासही जमेल असा आहे. दीड व्होल्टाचे तीन सेल एकापुढें एक जोडले कीं साडेचार व्होल्ट होतात. त्यांतले तीन दिव्यानें घेतले, उरले दीड. दिव्यांतून १५ मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा ०.०१५ भाग, इतका प्रवाह जावा अशी आपली इच्छा. दीडाला ०.०१५ नें भागा. उत्तर १०० येतें. म्हणून प्रत्येक दिव्यापुढें १०० ओहमचा रोधक. नवे कोरे सेल कधीं कधीं १.६ व्होल्टाचेही भरतात. तरी प्रवाह १८ मिलिअँपिअरच्या वर जात नाहीं, आणि साधा दिवा २० पर्यंत सुखानें सोसतो. हा भागाकार नातीनें स्वतः केला आणि मग दुकानांत "शंभर ओहमचे वीस द्या" असें तिनेंच मागितलें. पुन्हा भरतां येणारे सेल १.२ व्होल्टाचे असतात. ते तीन वापरले तर दाब ३.६ च राहतो, प्रवाह ६ मिलिअँपिअरवर येतो आणि उजेड मंदावतो. हेंही तिनें हिशेबानें आधींच ओळखलें.

येथें एक शंका निघेल. वीस दिवे आहेत, तर सगळ्यांना मिळून एकच रोधक कां नको? याचें कारण असें कीं, वीस बंधाऱ्यांचे माथे तंतोतंत सारखे कधींच नसतात. ज्याचा माथा केसभर खालीं, त्याच्यावरून आधीं लोंढा जाईल. तो बिचारा सर्वांचा भार आपल्या डोक्यावर घेऊन जळेल. मग त्याच्या शेजाऱ्याची पाळी येईल. प्रत्येकाला स्वतंत्र पाट दिला म्हणजे कोणी कोणाचें ओझें वाहत नाहीं, आणि एक विझला तरी बाकीचे जळत राहतात. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां प्रत्यक्ष बांधणी. हलक्या लाकडाची दोन फूट लांबीची पट्टी घेऊन तिच्या दोन्ही अंगांस उथळ खांच काढली. प्रत्येक खांचेंत दोन उघड्या तांब्याच्या तारा समांतर बसविल्या. एक धन, एक ऋण. त्या दोन तारांमध्यें शिडीच्या पायऱ्यांप्रमाणें दर अंगास दहा दिवे, प्रत्येक दिव्याबरोबर त्याचा रोधक. दिव्याला दोन पाय असतात. लांब पाय धन तारेकडे, आंखूड पाय ऋण तारेकडे. उलटा जोडला तर साडेचार व्होल्टांत तो जळत नाहीं, नुसता पेटत नाहीं. सुलटा केला कीं चालूं लागतो. वीस दिव्यांचा मिळून प्रवाह ३०० मिलिअँपिअर. बोटाएवढे चांगले अल्कलाइन सेल घेतले तर चार-पांच तास तरी निघतात. वर पतंगाच्या कागदाचे दोन थर, मधें थोडी पोकळी ठेवून, आणि त्यावर अर्धपारदर्शक प्लास्टिक. या कागदानें दिव्यांचे सुटे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि सबंध पातें उजळल्यासारखें दिसतें. कागद संक्रांतीसाठीं येवल्याहून आणलेल्यांतला होता. एक पतंग कमी उडाला, एवढेंच.

जोडणीसाठीं डाख दिला. आमच्या नासिकचे तांबट भांड्याला जो डाख देतात त्याचीच ही लहान आवृत्ति. तापलेली सळई आधीं सांध्याला लावावी, सांधा तापला कीं मग कथलाची तार त्याला भिडवावी. सळईवर कथील वितळवून तें सांध्यावर थापूं नये. तसा थापलेला सांधा आंतून सुटा राहतो. धातू स्वच्छ राहून कथील नीट धरावें म्हणून त्या तारेच्या पोटांत राळ भरलेली असते. ज्या राळेच्या भपक्यानें पूर्वींचा राक्षस रंगभूमीवर येई, तिचीच ही सोज्वळ बहीण. धूर नाकांत जाऊं नये म्हणून खिडकी उघडी ठेवावी, आणि कथलांत शिसें असण्याचा संभव असल्यानें काम संपतांच हात धुवावेत. लहान मुलांनीं वडील माणूस शेजारीं असल्यावांचून सळईला हात लावूं नये.

उजेड झाला; आतां आवाज. त्यासाठीं काड्यापेटीएवढा एक ध्वनिफलक मिळतो. त्यावर 'आय्. एस्. डी. १८२०' या नांवाची चकती असते. फलकावरच बारीक मायक्रोफोन आहे. नोंद करण्याचें बटण दाबून धरावें, तांबडा दिवा लागतो. तेवढ्या वेळांत सुमारें दहा सेकंदांचा कोणताही आवाज त्यांत साठवितां येतो. सेल काढून ठेवले तरी तो पुसला जात नाहीं. वाजविण्याचीं बटणें दोन. एक दाबून धरलें असेतोंच वाजतें. दुसरें नुसतें टिचकीसारखें दाबलें कीं नोंद पुरी वाजवूनच थांबतें. आपल्याला हें दुसरें उपयोगी.

आवाज कोणता भरावा, यांत आमचे दोन दिवस गेले. नातीनें पहिल्यानें स्टीलच्या ताटावर सांडशी आपटली. ऐकतांना आवाज खणखणीत. पण फलकांतून परत आला तो पत्र्याच्या डब्यावर खडा पडावा तसा. आम्ही बुचकळ्यांत पडलों. नंतर उलगडा झाला. हा फलक आवाजाची नोंद अखंड करीत नाहीं. दहा सेकंदांच्या मापावर तो सेकंदाला सुमारें ६,४०० वेळां आवाजाची उंची टिपून ठेवतो. आणि असा नियम आहे कीं, जितक्या वेळां टिपलें त्याच्या निम्म्याहून अधिक कंपनांचा स्वर परत मिळूंच शकत नाहीं. स्टीलच्या खणखणाटाचा सारा तोरा वरच्या स्वरांत असतो. तो नेमका गाळला गेला. तेव्हां मुळांतच खालच्या स्वराची वस्तु पाहिजे होती. शेवटीं माळ्यावर आजीचें पितळी घंगाळ सांपडलें. त्याला लाटण्यानें ठोका दिला, आणि जो गंभीर घुमारा निघाला तो फलकानें जसाच्या तसा परत दिला. आमच्या सौभाग्यवतींनीं लाटण्याबद्दल जें काय म्हटलें तें सुदैवानें नोंद थांबल्यावर म्हटलें.

तलवार आपटली हें फलकाला कळावें कसें? त्यासाठीं स्प्रिंगचा एक चिमुकला खटका असतो. मधोमध ताठ खिळा, आणि त्याला न शिवतां भोंवतीं बारीक स्प्रिंग. तलवारीला धक्का बसला कीं स्प्रिंग डुलते, खिळ्याला टेकते आणि क्षणभर विजेची वाट जुळते. या खटक्याच्या दोन तारा वाजविण्याच्या बटणाच्या दोन टोकांस समांतर जोडल्या, कीं घाव बसणें म्हणजेच बटण दाबणें झालें. बॉलपेनांतली स्प्रिंग आणि एक टांचणी घेऊन हा खटका घरीं करतां येतो. आम्ही तसाच केला. स्प्रिंग फार सैल असेल तर तलवार नुसती फिरविली तरी वाजते, फार ताठ असेल तर घावालाही दाद देत नाहीं. थोडी ताणून, थोडी दाबून आठ-दहा वेळां पाहावें लागतें.

कर्णा आठ ओहमचा, अर्ध्या वॉटचा. तो उघडा टेबलावर ठेवला तर आवाज चोरटा येतो. कारण पडदा पुढें हवा ढकलतो त्याच वेळीं मागें ओढतो, आणि पुढची व मागची लाट कडेवरून भेटून एकमेकींना मारतात. कर्ण्याची पाठ एका लहान डबीनें बंद केली आणि तोंडाशीं मुठीला भोकें पाडलीं, तोंच आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटला. पैसा न खर्चतां मिळणारी ही वाढ कोणीही सोडूं नये.

सगळें जोडल्यावर एक खोड दिसली. घाव बसून आवाज निघाला कीं दिवे लुकलुकत. नातीला वाटलें हें छानच आहे. पण आवाजही मधेंच खरखरे. कारण असें कीं, दिव्यांची आणि आवाजाची वीज मीं एकाच बारीक तारेनें नेली होती, आणि सेलही घड्याळांतून काढलेले जुने होते. कर्ण्यानें एकदम घोट घेतला कीं वाटेंतला दाब उतरे. सेल नवे घातले, सेलांच्या डबीपासूनच दिव्यांची जोडी वेगळी आणि आवाजाची जोडी वेगळी नेली, आणि फलकाच्या धन-ऋण टोकांवर ४७० मायक्रोफॅरडचा एक संधारित्र बसविला. हा संधारित्र म्हणजे दारांतला रांजण. नळ बारीक असला तरी रांजण भरलेला असेल तर एकदम घागर बुडवितां येते. मात्र त्याला धन-ऋण बाजू असतात. त्या चुकवूं नयेत.

दुसरी खोड तालमींत निघाली. तार तुटे ती नेहमीं डाखाच्या अगदीं कडेला. डाखानें तार तेथें ताठ होते, आणि हालचालीचा सारा ताण त्या एका बिंदूवर येतो. म्हणून एकेरी तार न वापरतां बारीक धाग्यांची वळलेली तार घ्यावी, आणि डाखापासून बोटभर अंतरावर ती गोंदानें किंवा दोऱ्यानें लाकडाला बांधून टाकावी, म्हणजे ओढ दोऱ्यावर येते, सांध्यावर नाहीं. घाव नेहमीं पट्टीच्या कडेनें घालावा, दिव्यांच्या अंगानें नाहीं. आणि घाव तलवारीवर घालावा, माणसावर नाहीं; लाकूड तें लाकूडच.

आतां सुरुवातीला म्हटलेली पोटांतल्या गोळ्याची गोष्ट.

१९८८ सालीं मी एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. वार्षिक संमेलनांत एक ऐतिहासिक नाटक होतें, आणि नायकाच्या तलवारीला देवीचा प्रसाद मिळतांच ती उजळावी अशी कल्पना मला सुचली. हातबॅटरीचे बल्ब टिकेनात. तेव्हां लाकडी तलवारीला बेगड लावून तीवर मीं गणपतीच्या आराशींतली दिव्यांची माळ गुंडाळली, आणि तिची तार पडद्यामागें नेऊन भिंतींतल्या विजेला जोडली. भिंतींतली वीज, म्हणजे २३० व्होल्ट. दुसऱ्या अंकांत तलवारीवर तलवार बसली, तारेचें कवच चिरलें आणि सगळ्या बेगडींत वीज उतरली. मुलगा तेरा वर्षांचा होता. त्याची मूठ आवळली ती उघडेना. कोणीतरी धांवत जाऊन माळ भिंतींतून ओढून काढली म्हणून तो वांचला. पण त्याच्या तळहातावर भाजल्याच्या दोन खुणा राहिल्या.

चौकशी झाली तेव्हां, मुलानें खोडसाळपणानें तार ओढली असें मीं सांगितलें. तो तेथेंच उभा होता. त्यानें माझ्याकडे एकदां पाहिलें आणि मान खालीं घातली. कांहीं बोलला नाहीं. गुरुजींचें म्हणणें खोटें असेल असें त्याच्या मनांत आलें नसावें. किंवा आलें असेल, पण तें बोलावयाची त्या वेळची रीत नव्हती. पुढच्या जूनमध्यें त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तो शाळा सोडून गेला.

म्हणून या तलवारींत साडेचार व्होल्टांच्या वर मी गेलों नाहीं. ३० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह माणसाच्या अंगांतून गेला तर तो जिवावर बेतूं शकतो. घरांत बसवितात तो गळतीचा खटका बहुधा तेवढ्यावर तुटतो, तो याचसाठीं. आमच्या तलवारीच्या तारांतून याच्या दसपट प्रवाह वाहतो. तरी ती मुलीच्या हातीं निर्धास्तपणें देतां येते. कारण साडेचार व्होल्टांचा दाब कोरड्या कातडीचा बंधारा ओलांडूं शकत नाहीं, आणि २३० व्होल्टांना तो बंधारा म्हणजे कांहींच नव्हे. सेल मात्र साधेच वापरावेत. मोबाइलमध्यें असतात तसले लिथियमचे सेल तारेला तार लागली तर पेट घेऊं शकतात. आणि घरांत रांगतें मूल असेल तर गुंडीसारखे चपटे सेल त्याच्या हातीं लागूं देऊं नयेत, कारण गिळले गेले तर ते अन्ननलिका जाळतात. आणि कोणत्याही खेळण्याची, आराशीची अथवा नाटकाच्या सामानाची तार मुलाच्या हातांतून भिंतीकडे जात असेल, तर तें सामान कितीही सुंदर असो, तें काढून ठेवावें.

संमेलन पार पडलें. तिसऱ्या घावाला नातीच्या तलवारींतला एक दिवा विझला. मला तो पांचव्या रांगेंतून दिसला. बाकीचे एकोणीस जळत होते, आणि आजीचें घंगाळ सभागृहाच्या शेवटच्या भिंतीपर्यंत घुमत होतें. घरीं आल्यावर नातीनें तो दिवा स्वतः बदलला. त्याचा डाख कच्चा होता. तो सांधा मीं दिलेला होता, आणि तसें मीं तिला सांगितलें.

तो मुलगा आज पन्नाशीच्या घरांत असेल. आवाज कोठवर पोहोंचतो तें बोलणाऱ्याला दिसत नाहीं. तो ऐकत असेल, तर त्यानें हें ऐकावें: तार त्यानें ओढली नव्हती. चूक तारेची नव्हती आणि त्याचीही नव्हती. ती माझी होती, आणि ती त्याच दिवशीं, त्याच खोलींत, मीं सांगावयास हवी होती.